खिशांतला दिवा

ज्या वस्तु मनुष्याच्या खिशांत किंवा कडोसरीला नित्य असतात, त्यांच्याविषयीं तो क्वचितच विचार करतो. चाकू, किल्ली, चष्मा आणि विजेरी या त्यांपैकींच होत. ज्या दिवशीं त्यांतली एखादी दगा देते, त्याच दिवशीं तिची खरी आठवण होते. आजचें भाषण अशाच एका लहानशा वस्तूविषयीं आहे. पुस्तकांत तिला विजेरी म्हणतात. खेडोपाडीं तिचें नांव बॅटरी, आणि तिच्या पोटांत जे घालतात ते सेल. चांगली विजेरी कोणती, ती रोज कां पेटते, आणि नेमक्या अडचणीच्या रात्रीं कां पेटत नाहीं, एवढाच प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे.

शहरांतल्या मनुष्यास हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. जिन्यांत अंधार झाला तर तो भिंत चांचपीत चार पायऱ्या चढेल व घरांत शिरेल. परंतु नगर जिल्ह्यांतल्या, म्हणजे २०२४ सालापासून ज्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें त्या जिल्ह्यांतल्या, बागाइतदारास तो क्षुल्लक नाहीं. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, पुढें मुळा नदीवरहि धरण झालें, आणि संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासें या बाजूस उसाचे मळे दूरवर पसरले. कालव्याचें आवर्तन रात्र पाहून थांबत नाहीं. विहिरीचें पाणी उपसावयाचें तर वीज हवी, आणि शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षें पाळीपाळीनें मिळत आली आहे. कांहीं दिवस दिवसा, तर कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी आली कीं घरांतलें कोणीतरी फावडें खांद्यावर टाकून मळ्याकडे निघतें आणि पहांटेपर्यंत पाण्याचीं दारें धरतें. एका सरीचें तोंड बंद करावयाचें, दुसरीचें उघडावयाचें, आणि पाणी कोठें फुटलें तें धांवत जाऊन पाहावयाचें, असें हें काम आहे.

या कामांत अंधार हा केवळ गैरसोयीचा विषय नसतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चारहि विषारी सर्प महाराष्ट्रांत आढळतात. त्यांपैकीं मण्यार तर रात्रींच हिंडते. सर्पदंश बहुधा पायाला होतो, आणि पाय कोठें पडतो तें दिसत नसलें म्हणजे तो होण्याचा संभव वाढतो. त्यांत बिबट्याची भर पडली आहे. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेया व त्यांचे सहकारी यांनीं अकोले तालुक्यांतल्या शेतांतून आपोआप छायाचित्रें घेणारे कॅमेरे लावून पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. जेथें कोणतेंहि अभयारण्य नाहीं, जेथें दाट मनुष्यवस्ती आहे, अशा त्या मुलखांत दर १०० चौरस किलोमीटरांस सुमारें ५ पूर्ण वाढलेले बिबटे राहत असल्याचें त्यांस आढळलें. उंच ऊस हें त्या जनावराला जंगलासारखेंच लपण्याचें ठिकाण झालें आहे.

समजा, राहुरीकडचा एक शेतकरी पौषांतल्या रात्रीं दीड वाजतां पाणी भरावयास निघाला आहे. ऊस पुरुषभर वाढलेला, वरंबा निसरडा, एका हातांत फावडें. दारांतून बायको विचारते,

“अहो, बॅटरी घेतली का?”

“घेतली कीं. पण मधेंच डोळे मिटती ती.”

“मग नवी आणा ना एखादी.”

“हातावर आपटली कीं लागती पुन्हां.”

हा संवाद घरोघरचा आहे. आणि त्या शेवटच्या वाक्यांतच विजेरीचें सारें शास्त्र दडलेलें आहे. हातावर आपटल्यानें जी पेटते, तिचे सेल संपलेले नसतात, तिचा दिवाहि गेलेला नसतो. तिचा कोठला तरी सांधा सैल झालेला असतो. आपटल्यानें तो क्षणभर जुळतो इतकेंच. म्हणजे विजेरीनें आपला रोग स्पष्ट सांगितलेला असतो. मालक मात्र तो रोग हाच उपाय समजून मळ्याची वाट धरतो.

येथें जुन्या कंदिलाची आठवण होते. कंदिलाचें दुखणें उघडें असे. वात जळाली तर दिसे, चिमणीवर काजळी धरली तर दिसे, आणि तेल किती उरलें तें कंदील हालवून ऐकूं येई. विजेरीचें पोट झांकलेलें असतें. ती शेवटपर्यंत निरोगी दिसते. म्हणून ती पारखून घ्यावी लागते आणि अधूनमधून उघडून पाहावी लागते.

विजेरीचा जन्म कोरड्या सेलामुळें शक्य झाला. १८८६ सालीं कार्ल गास्नर या जर्मन संशोधकानें न सांडणारा सेल सिद्ध केला, आणि १८९९ सालीं डेव्हिड मिझेल यांना अमेरिकेंत हातांत धरावयाच्या विजेच्या दिव्याचें पेटंट मिळालें. त्या आरंभींच्या दिव्यांची नळी कागदाची होती, आणि सेल इतके दुबळे कीं प्रकाश क्षणभर चमकून थांबवावा लागे. तेव्हांपासून आजपर्यंत दिवा सुधारला, सेल सुधारले. परंतु विजेला एका तुकड्यांतून दुसऱ्या तुकड्यांत जातांना ओलांडावे लागणारे सांधे कांहीं सुटले नाहींत.

ते सांधे मोजून पाहावेत. एका सेलाची पितळी टोपी दुसऱ्याच्या तळाला टेकते, हा एक. शेवटचा सेल स्प्रिंगवर बसतो, हा दुसरा. स्प्रिंग तळच्या झाकणाला, झाकण आट्यांतून नळीला, नळी किंवा तिच्यांतली पट्टी बटणाला, आणि बटण दिव्याला, असे आणखी चार. यांपैकीं एकहि सांधा गंजला किंवा सैल पडला कीं सर्वांचें काम थांबतें. ही गोष्ट आंकड्यांनीं पटेल. दोन सेलांच्या विजेरींत तीन व्होल्टांचा दाब असतो, आणि जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्यांतून सुमारें ०.३ अँपिअर प्रवाह वाहतो. स्प्रिंगवर गंज चढून एकच ओहमचा अडथळा उत्पन्न झाला, तर त्या अडथळ्यांतच ०.३ व्होल्ट, म्हणजे दाबाचा दहावा भाग, खर्च होतो. दाब एकदशांश गेला तर प्रकाशहि एकदशांश जाईल असें वाटतें. पण तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबापेक्षां फार झपाट्यानें उतरतो, आणि जवळजवळ तीस टक्के उजेड नाहींसा होतो. गंज मात्र नखाएवढाच असतो.

हा गंज बहुतेक वेळां सेलच उत्पन्न करतो. साध्या सेलांत जस्ताचें भांडें हेंच इंधन असतें. चुलींत लांकडाऐवजीं चूलच जळावी, तसा हा प्रकार आहे. सेल जसजसा खर्ची पडतो, तसतसें तें भांडें झिजून पातळ होतें, त्याला छिद्र पडतें आणि आंतला क्षार बाहेर येऊन स्प्रिंगला खातो. मंदावलेले सेल उन्हांत ठेवून पुन्हां वापरण्याची रीत खेड्यांत फार जुनी आहे. उबेनें सेलाला थोडा वेळ हुशारी येते हें खरें; पण झिजलेलें जस्त उन्हानें भरून येत नाहीं. तशा सेलाच्या मागें चार दिवसांची बचत असते आणि पुढें विजेरीचा नाश असतो.

आतां तारेचा दिवा मागें पडून एलईडी आला आहे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या निळ्या प्रकाशावरूनच आजचा पांढरा उजेड सिद्ध होतो. हा दिवा थोड्या विजेंत पुष्कळ उजेड देतो, पडल्यानें सहसा फुटत नाहीं, आणि हजारों तास टिकतो. पण याचा अर्थ विजेरी हजारों तास टिकते असा नव्हे. दिवा अमर झाला तरी बटण, स्प्रिंग आणि डाग दिलेली तार मर्त्यच राहिली. पुनःपुन्हां भरतां येणाऱ्या सेलाच्या विजेरींत आणखी एक धोका आहे. त्यांतल्या कांहीं शेवटपर्यंत सारखा उजेड देतात आणि मग एकदम विझतात. मंद होऊन सूचना देण्याचें सौजन्य त्यांच्याजवळ नसतें.

तेव्हां दुकानांत काय पाहावें? उजेड किती लांब पडतो तें सर्वांच्या शेवटीं पाहावें. प्रथम बटण वीस वेळां दाबावें. एकदांहि चुकलें तर ती विजेरी परत द्यावी. पेटलेली विजेरी हालवावी व तळहातावर ठोकावी. उजेड लुकलुकला तर सांधा जन्मतःच सैल आहे. झाकणाचे आटे सुरळीत फिरतात कीं नाहीं, सांध्यांत रबराचें कडें आहे कीं नाहीं, स्प्रिंग दाबून सोडल्यावर पूर्ववत् येते कीं नाहीं, हें बोटांनीं पाहावें. भरावयाची विजेरी असेल तर तिच्या तोंडाला रबरी झांकण असावें व आंतला सेल बदलतां यावा.

खोक्यावरील आंकडेहि समजून वाचावे. अमेरिकेंत २००९ सालीं एफएल-१ नांवाचें मानक ठरलें. अनेक खोक्यांवर त्याप्रमाणें आंकडे असतात. त्यांत उजेडाचें अंतर म्हणजे जेथें पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स, प्रकाश उरतो तेथपर्यंतचें अंतर; आणि चालण्याचे तास म्हणजे आरंभींच्या उजेडाचा दहावा भाग उरेपर्यंतचे तास. म्हणून शंभर मीटर आणि वीस तास हे शब्द वाचून भुलूं नये. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास पडूनहि बिघाड न होणें. पाण्याच्या पाटांत उभें राहणाऱ्याला दुसरा आंकडा अधिक मोलाचा आहे. त्याला दूरवर झेंपावणाऱ्या बारीक झोतापेक्षां पायापुढच्या चार पावलांवर पसरणारा उजेड जास्त उपयोगी पडतो.

घेतलेली विजेरी सांभाळणें हेंहि कठिण नाहीं. दोन्ही सेल एकाच वेळीं, एकाच जातीचे घालावे. नव्याला जुन्याची जोड देऊं नये. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावे. स्प्रिंगवर पांढरा किंवा हिरवा थर दिसला तर तो फडक्यानें पुसावा, पॉलिश पेपरनें हलकेच घांसावा, आणि मग हात धुवावे. आट्यांतली माती काढावी. हें सारें महिन्यांतून एकदां, पांच मिनिटांचें काम आहे.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे आणि त्यांत दिवाहि आहे. मग विजेरी कशाला? अडचणींत सांपडलेल्या मनुष्याला मोबाइल हांक मारण्यासाठीं लागतो. त्याचाच दिवा रात्रभर जाळला तर पहांटे उजेडहि संपतो आणि हांकहि. शिवाय ओल्या, चिखलाच्या हातीं तो धरणें धोक्याचें असतें. बिबट्याच्या भागांत रात्रीं बोलत, गाणीं लावीत चालावें असा वनखात्याचा सल्ला असतो; मोबाइलला तें काम द्यावें, आणि उजेडाचें काम विजेरीला.

एक गोष्ट मात्र येथें सांगितली पाहिजे. कितीहि चांगली विजेरी झाली तरी ती दिवसाची जागा घेऊं शकत नाहीं. शेतकऱ्याला रात्रीं मळ्यांत जावें लागूं नये हाच खरा उपाय आहे. त्यासाठीं राज्यांत २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, आणि जेथें तिची वीज दिवसा पोंचली तेथें रात्रीची पाळी सुटली. जेथें ती पोंचलेली नाहीं तेथें आजहि पौषाच्या थंडींत कोणी ना कोणी वरंब्यावर उभें असतें, आणि त्याच्या व अंधाराच्या मध्यें दोन सेल, एक स्प्रिंग आणि एक बटण एवढेंच असतें.

म्हणून ज्या घरांतून मनुष्य रात्रीं मळ्यांत जातो, त्या घरांत ‘बॅटरी घेतली का’ या प्रश्नाला आणखी एका प्रश्नाची जोड द्यावी. ‘बॅटरी उघडून पाहिली का?’ असेंहि विचारावें, आणि तें दिवस असतांना विचारावें. हातावर आपटून पेटणारी विजेरी त्या घरांत राहूं देऊं नये. ती उघडून दुरुस्त करावी. आणि दुरुस्त होत नसेल, तर तिच्या जागीं दुसरी घ्यावी.