धातूही थकतो

पेटलेला डोंगर आणि त्यावर लाल द्रावण ओतत जाणारे विमान, हे दृश्य आपण दूरचित्रवाणीवर पाहिलेले असते. त्या वैमानिकाला धोका असेल तो आगीचा आणि धुराचा, असे आपल्याला वाटते. अमेरिकेतील अनुभव मात्र आणखी एका शत्रूकडे बोट दाखवतो.

१७ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉकर गावाजवळ सी-१३०ए जातीच्या विमानाने वणव्यावर द्रावण सोडले आणि लगेच त्याचे दोन्ही पंख मोडले. तिघे ठार झाले. महिन्याभरातच, १८ जुलैला, कोलोरॅडोमध्ये दुसऱ्या विमानाचा डावा पंख तुटला आणि दोघे गेले. पहिले विमान १९५७ सालचे, दुसरे १९४५ सालचे. दोन्ही मूळची लष्करी.

तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पंखाचेही तसेच होते. वणव्यावर विमान अगदी खालून उडते, तापलेल्या हवेचे धक्के खाते आणि हजारो लिटरचा भार एकदम सुटला की वर उसळते. प्रत्येक फेरीत धातूला ताण बसतो. त्यात बारीक तडे जातात आणि ते वरून दिसतीलच असे नाही.

मनाला लागते ती गोष्ट पुढेच आहे. १९९४ साली कॅलिफोर्नियातच याच जातीचे विमान पडून तिघे दगावले होते. तेव्हा संशय इंधनाच्या स्फोटावर गेला. २००२ नंतर अवशेष पुन्हा तपासले, तेव्हा पंखात तसेच तडे सापडले. आठ वर्षे हा इशारा भंगारात पडून होता!

डिसेंबर २००२ मध्ये चौकशी समितीने बजावले, की या वैमानिकांच्या मृत्यूचे प्रमाण जमिनीवरच्या जवानांना लावले, तर वर्षाला दोनशेहून अधिक जवान मरतील. विमाने कंत्राटदारांची, काम वनसेवेचे. मग या कामाचा ताण धरून तपासणीचे निकष ठरवायचे कोणी? मे २००४ मध्ये वनसेवेने ३३ मोठ्या विमानांची कंत्राटे रद्द केली. त्यांतली काही कसून तपासणी झाल्यावरच परतली.

अर्थात, सगळे अपघात पंख तुटून होत नाहीत. २००० ते २०१३ या काळात अमेरिकेत वणव्याच्या कामात २९८ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले ७८ हवाई अपघातांत गेले. त्यांत यंत्र वा सांगाड्यातील बिघाडाचा वाटा सुमारे चोवीस टक्के, आणि विमानावरचा ताबा सुटण्याचाही तेवढाच. डोंगर, झाडे, तारा आणि खराब हवामान ही कारणे त्यानंतरची.

वाऱ्यावर आणि धुरावर माणसाचा ताबा नाही. पण पंखातला तडा वेळीच शोधणे त्याच्या हातात आहे. उड्डाणाच्या तासांबरोबर पंखाने सोसलेल्या ताणाचाही हिशेब ठेवावा लागतो. वैमानिकाच्या धाडसाचे कौतुक आपण जरूर करू. पण त्याला आकाशात धाडण्याआधी हा हिशेब कोणी तपासला, हेही विचारले पाहिजे.