पित्ताशयातले खडे कोणाला होतात?

पित्तातलं कोलेस्टेरॉल विरघळेनासं झालं की पित्ताशयात खडे धरू लागतात. बायकांना हा त्रास जास्त. गरोदरपणात इस्ट्रोजेन कोलेस्टेरॉल वाढवतं, प्रोजेस्टेरॉन पित्ताशयाला सुस्त करतं. उलटलेली चाळिशी, लठ्ठपणा, मधुमेह, घराण्यातला इतिहास हे आलंच. पण लग्नाआधी उपाशी राहून झरझर वजन उतरवण्याचा हट्टही तितकाच धोक्याचा, हे मात्र कोणी सांगत नाही! पोटात स्निग्ध काही गेलंच नाही, तर पित्ताशय रिकामं होत नाही आणि साचलेलं पित्त घट्ट होतं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलच्या रुग्णांना लहान वयातही खडे होतात. तांबड्या पेशी सतत फुटून बिलिरुबिन वाढतं, त्याचे हे काळे खडे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, तर सोडा पिऊन ढेकरांची वाट पाहू नका. सोनोग्राफीत खडे सहसा दिसतात.