मान सातांचे, मिरवणूक एक



मकर संक्रांतीच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. त्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत आणि ते कोणी सोडलेले नाहीत. तरीही तैलाभिषेकासाठी अडुसष्ट लिंगांच्या वाटेने निघते ती मिरवणूक एकच असते. ती उंच, जड काठी एकाच माणसाकडे फार वेळ राहत नाही. एक थकला की दुसरा पुढे होतो.

पहाटेच्या धावपटूंचेही असेच आहे. कोणी पार्क मैदानाभोवती, कोणी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, तर कोणी विजापूर रस्त्याने धावतो. प्रत्येक गटाचा सदरा निराळा, प्रशिक्षक निराळा आणि अभिमानही निराळा. तो असावाच. प्रश्न एवढाच आहे की, वर्षातून एक दिवस हे सारे गट परोपकारासाठी एकत्र धावणार असतील, तर त्या दिवशी गोळा झालेल्या रुपयातून गरजूच्या पदरात नेमके किती पडणार?

धावण्यातून निधी उभा करण्याची आठवण काढताना टेरी फॉक्सचे नाव टाळता येत नाही. हाडाच्या कर्करोगामुळे या कॅनेडियन तरुणाचा उजवा पाय १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने तो देश ओलांडायला निघाला. रोज साधारण एका मॅरेथॉनइतके अंतर तो तोडत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला रोग फुफ्फुसात पोहोचल्याचे कळल्यामुळे त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. प्रत्येक देशबांधवाने कर्करोग संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, ही त्याची मागणी होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले. देशाची लोकसंख्याही तेवढीच होती.

त्याच्या नावाने आजही जी दौड होते, तिचे नियम सोलापूरने नीट पाहावेत. प्रवेशशुल्क नाही, क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत, सदऱ्यावर कोणा कंपनीचे नाव नाही. धावणाऱ्याने आपल्या ओळखीपाळखीतून यथाशक्ती निधी आणावा, एवढेच. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनचा लौकिक वेगळा, तेथे स्पर्धा आहे, प्रायोजक आहेत. पण सामाजिक संस्थांसाठी निधी उभा राहण्याची तेथील रीतही बरीचशी अशीच आहे. धावपटू एखाद्या संस्थेचे काम स्वतःच्या शब्दांवर आप्तेष्टांपुढे मांडतो आणि त्याच्यावरील विश्वासामुळे पैसा येतो.

याउलट आपल्याकडचा नेहमीचा हिशेब पाहा. समजा, प्रत्येकी पाचशे रुपये शुल्क घेतले. सदरा, पदक, अल्पोपाहार, मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे शाल-श्रीफळ वजा जाता उरणार काय? तीन गटांनी तीन दौडी केल्या, तर मंडपही तीन. गटांनी एकत्र यायचे ते या कारणासाठी. छायाचित्र मोठे यावे म्हणून नव्हे. (पदकाऐवजी सोलापुरी टॉवेल द्यावा. पदक कपाटात पडून राहते, टॉवेल घाम पुसतो आणि विणकराच्या घरी चार पैसे जातात.)

निधी कशासाठी, याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. याच जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साथीने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष जगभर वाचला गेला. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी देऊ केली गेली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी मोहीम न राबवलेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले.

हे ज्ञान शेजारी निर्माण झाले. पण सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो भगिनींपर्यंत ते आपोआप पोहोचत नाही. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. रुग्णालयात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. दुखत नाही तोवर तपासणी कशाला, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, पोटाचा आहे. तेव्हा तपासणीच वस्तीवर जायला हवी. त्यासाठी गाडी, डिझेल, परिचारिका, तपासणीचे साहित्य आणि मुख्य म्हणजे दोष आढळल्यास त्या भगिनीला उपचाराच्या अखेरपर्यंत नेणारे कोणीतरी लागते. शिबिराच्या उद्‌घाटनाला देणगीदार मिळतो, या शेवटच्या खर्चाला मिळत नाही. संयुक्त दौडीचा निधी तेथेच जावा. नुसते रोग शोधून घरी पाठवणे हे क्रौर्य ठरेल.

व्यवस्थेचे दोन शब्द. पैसा कोणत्याही गटाच्या खात्यावर न घेता थेट नोंदणीकृत सेवासंस्थेच्या खात्यावर जावा. मंडळांनी स्वतः वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेशोत्सवासाठी घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची ४१-क परवानगी आधी घ्यावी. ‘८०-जी’च्या सवलतीसाठी दोन हजारांवरील रोख देणगी चालत नाही, हेही देणगीदाराला आधीच सांगावे, मागाहून होणारी कटकट टळते.

तिथीचाही विचार व्हावा. जानेवारीचा मध्य यात्रेचा; तेव्हा रस्ते आणि माणसे दोन्ही सिद्धेश्वरांची. मार्चपासून ऊन चढते. उरतो तो डिसेंबर किंवा फेब्रुवारीचा पूर्वार्ध, पहाटेची वेळ. सर्व गटांचे दोन-दोन प्रतिनिधी बसून दिवस ठरवतील. जमा-खर्चाचा कागद दौडीनंतर पंधरा दिवसांच्या आत, जेथून दौड सुटली तेथेच फलकावर लावला जावा आणि त्यावर प्रत्येक गटाची सही असावी.