समुद्रकाठचे स्वयंपाकघर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मुरगुडात माझ्या आईने जन्मभर चूल फुंकली; खिडकी कोठे हवी, हे तिला कोणी विचारले नाही. म्हणून मालवणला दिलेल्या माझ्या लेकीने नव्या घराचा नकाशा दाखवला, तेव्हा मी आधी स्वयंपाकघर पाहिले.

वेदगंगेकाठची ओल आपल्याला ठाऊक आहे. पण तिथला खारा वारा निराळा. लोखंड बघताबघता गंजते. बिजागऱ्या पितळी घेतल्या. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून झोडपतो, आणि नकाशात खिडकी नेमकी तिकडेच! ती उत्तरेला नेली, वर रुंद छज्जा काढला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो. तेव्हा भिंतीत खालीही झरोका ठेवायला लावला.

खरा वाद झाला ओट्यावरून. नकाशात उंची 36 इंच होती. विहीणबाई ठेंगण्या, त्यात खांदा दुखरा. त्यांना उभे करून मी टेप लावली; कोपर 35 इंचांवर आले. म्हणजे कोपराहून वर ओटा! चार इंच सोडून 31 धरा, असे मी म्हटले. जावई कुरकुरले, "लोक काय म्हणतील?"

इतका वेळ गप्प असलेल्या विहीणबाई म्हणाल्या, "लोक काय घावणे घालूक येतले?"

ओटा 31 इंचांचाच झाला. लेक थोडी उंच आहे. ती पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटते.