ड्रायर तापतो, पण कपडे ओलेच

पावसाळ्यात शिलाँग असो वा मंगळूरु, ड्रायरबद्दलची तक्रार एकच: "मशीन तापतं, पण कपडे ओलेच." लगेच हीटरवर संशय घेऊ नका. नुसत्या उष्णतेने कपडे वाळत नाहीत; त्यांतली वाफ बाहेर नेणारी हवाही लागते. म्हणून आधी हवा तपासा.

ज्याचा पाइप भिंतीबाहेर जातो, अशा विजेच्या ड्रायरसाठी हा क्रम.

पहिलं, मशीन चालू असताना पाइपच्या बाहेरच्या तोंडाशी हात धरा. झोत जोरदार हवा, झडप पूर्ण उघडायला हवी.

दुसरं, कापूस अडवणारी जाळी काढून तिच्यावर पाणी ओता. पाणी साचलं, तर फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसलाय. साबण आणि मऊ ब्रशने धुवा, वाळवूनच परत लावा.

तिसरं, प्लग काढून मशीन पुढे ओढा. पाइप चेपला असेल तर सरळ करा, आतला कापूस काढा.

चौथं, खिडकी उघडून, जवळ उभं राहून थोडा वेळ पाइपविना चालवा. झोत सुधारला, तर दोष पाइपात. नाही सुधारला, तर आतल्या पंख्यात किंवा हवेच्या मार्गात. तिथे मेकॅनिकच बोलवा. चाचणी झाली की पाइप पुन्हा जोडा.

हवा अडली की मशीन जास्त तापतं, थर्मल फ्यूज उडतो. कारण न शोधता फ्यूज बदलला, तर नवाही उडेल. आणि साठलेला कापूस पेट घेतो. फौजेत पहारा रोजचा असतो, तशी जाळीची सफाईही प्रत्येक वेळची ठेवा. जय हिंद.