शालिमार आणि व्हॅनिलाची शेंग

वाळा, मोगरा, केवडा यांचा सुगंध शीतल, आणि हिना, कस्तुरी, ऊद यांचा उष्ण, हा भेद आपल्याकडील अत्तर लावणारांस पूर्वींपासून ठाऊक आहे. वाळ्याचें अत्तर वैशाखांत लावावें, हिन्याचें पौषांत. पाश्चात्य देशांत या उष्ण सुगंधांच्या वर्गांत व्हॅनिलाला मानाचें स्थान आहे, आणि त्यांतील अत्यंत गाजलेलें सुगंधद्रव्य म्हणजे पॅरिसच्या गेर्लां घराण्यांतील झाक गेर्लां यांनीं सिद्ध केलेलें 'शालिमार'. तें सन १९२५ मध्यें लोकांपुढें आलें. त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं, तरी त्याची मागणी सरलेली नाहीं.

नांव अर्थातच मोंगल बागेचें. शहाजहान व मुमताजमहल यांचें प्रेम या बागेंत फुललें, अशी कथा विक्रेते सांगतात. कथा गोड आहे. मात्र लाहोरच्या शालिमारचें काम १६४१ मध्यें सुरू झालें, आणि मुमताजमहल १६३१ मध्येंच बऱ्हाणपुरास निवर्तली होती. काश्मीरचा शालिमार तर जहांगिराच्या वेळचा. असो, अत्तराच्या दुकानांत इतिहासाची उलटतपासणी कोण घेतो!

या सुगंधाची खुबी अशी कीं, बाटली उघडतांच व्हॅनिला भेटत नाहीं. प्रथम येतो तो बर्गमोट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचा तरतरीत दर्प. हीं तेलें हलकीं. तीं लवकर उडून जातात. मग धूप जळावा तसा राळेचा आणि किंचित् कातड्याचा वास पुढें येतो. आणि सर्वांच्या शेवटीं, घटकाभरानें, व्हॅनिला. ती मात्र सावकाश उडणारी. दुसऱ्या दिवशीं शालीच्या पदराला तीच उरते. निव्वळ गोडवा नाकाला लवकर विटवतो. पुरणांत जायफळ कां घालतात, हें ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला या रचनेचें मर्म निराळें समजावून सांगावयास नको. धुरकटपणा आणि मसाल्याचा तिखटपणा यांच्या आधारावर गोडी उभी राहते, आणि त्या मिश्रणालाच आपण ऊब म्हणतों.

मसाल्याशीं व्हॅनिलाचें हें नातें केवळ रुचीचें नाहीं. तिच्या वासाचें मुख्य द्रव्य व्हॅनिलिन आणि लवंगेच्या तेलांतील युजेनॉल हीं रसायनदृष्ट्या एकाच घराण्यांतलीं. १८७४ मध्यें टीमान व हारमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या रसांतील एका पदार्थापासून व्हॅनिलिन कृत्रिम रीतीनें बनविलें. पुढें तें लवंगेच्या तेलापासूनहि होऊं लागलें. १८८९ मध्यें एमे गेर्लां यांनीं 'झिकी' या सुगंधांत तें वापरलें. शालिमारमध्यें त्याहून कितीतरी उग्र असें एथिल व्हॅनिलिन आहे.

परंतु प्रयोगशाळेनें जिची नक्कल केली, ती शेंग युरोपांत रुळली कशी, हा प्रकार अधिक ऐकण्यासारखा आहे. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडील वेल, आमरींच्या कुळांतली. तिचें फूल एकच दिवस उमलतें. फुलांत पराग आणि स्त्रीकेसर यांच्यामध्यें एक पातळ पडदा असतो, म्हणून परागीभवन आपोआप होत नाहीं. इतर देशांत नेलेल्या वेली वाढल्या, फुलल्या, पण त्यांना शेंगा धरेनात. बेल्जममध्यें मोरां या शास्त्रज्ञानें १८३६ मध्यें हातानें फलन घडवून आणलें खरें, पण मळेवाल्यांच्या तें उपयोगीं पडलें नाहीं.

१८४१ मध्यें हिंदी महासागरांतील रेयुनियाँ बेटावर, बेलिए-बोमाँ या मळेवाल्याच्या पदरीं असलेल्या एडमंड नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें हा गुंता सोडविला. बांबूच्या बारीक काडीनें पडदा वर सारावयाचा आणि अंगठ्यानें पराग दाबून बसवावयाचे, एवढेंच. मालकानें त्यास मळ्यामळ्यांतून ही युक्ति दाखवावयास पाठविलें, आणि बेटावर व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला. १८४८ मध्यें गुलामगिरी नष्ट झाली. तेव्हां एडमंडला स्वातंत्र्य मिळालें आणि 'अल्बियस' हें आडनांव मिळालें. शोधाबद्दल मात्र कांहींच मिळालें नाहीं. एका प्रतिष्ठित वनस्पतिशास्त्रज्ञानें तर श्रेयहि आपल्याकडे ओढूं पाहिलें. जुन्या मालकानें त्याविरुद्ध लेखी साक्ष दिली, हें त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. पुढें चोरीच्या गुन्ह्यावरून एडमंडला तुरुंग भोगावा लागला, आणि १८८० मध्यें तो दारिद्र्यांतच वारला.

हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास मुळींच नसतो. वेलीवर आठ-नऊ महिने वाढलेली शेंग ऊन पाण्यांत बुडवितात, कांबळ्यांत गुंडाळून घाम आणवितात, रोज थोडा वेळ उन्हांत ठेवितात. अशी अनेक आठवडे उस्तवार केल्यावर ती काळी पडते, सुरकुतते आणि मग पेट्यांत मुरते. तेव्हां कोठें तो सुगंध तिच्यांत उतरतो. आणि फुलें उमललीं कीं, मादागास्करच्या मळ्यांत मजूर आजहि सकाळीं वेलीवेलींतून हिंडतात. एका हातांत बारीक काडी, आणि प्रत्येक फुलावर अंगठ्याचा तोच दाब.