शेजाऱ्याच्या धर्माची ओळख

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. विषय मीच मागून घेतला आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. आपल्या शाळेने यंदा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी जिल्हादर्शन सहल ठरविली. वाशीम, शिरपूर, कारंजा, मंगरूळपीर आणि पोहरादेवी अशी ही सहल आहे. संमतीपत्रे घरी गेली. काही सह्यांनिशी परत आली, काही कोरीच आली. दोघा-तिघा पालकांनी समक्ष येऊन विचारले, "सर, आमच्या लेकरांना देवळात कशाला नेता? तिथे त्यांनी शिकायचे ते काय?"

हा प्रश्न रागाचा नाही, काळजीचा आहे. लेकराचे ईमान सांभाळणे हे आई-बापाचे कर्तव्यच आहे. तेव्हा या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणे बरोबर होणार नाही. दुसऱ्याचा धर्म समजून घेतल्याने आपला धर्म पातळ होतो काय, हाच खरा मुद्दा आहे.

प्रथम आपल्या घरातलाच दाखला पाहू. इ. स. 615 च्या सुमारास मक्केत मुसलमानांचा छळ होऊ लागला, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी काही अनुयायांना आश्रयासाठी हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला पाठविले. तेथील राजा नजाशी हा ख्रिस्ती होता. इस्लामच्या इतिहासातली ही पहिली हिजरत एका परधर्मीय राजाच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून झाली. पुढे मदिनेत एका यहुद्याची अंत्ययात्रा जात असता पैगंबर साहेब उठून उभे राहिले. तो यहुदी होता असे कोणी सांगितले, तेव्हा तोही एक माणूसच होता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, हे हदीसमध्ये नोंदलेले आहे. दीनमध्ये जबरदस्ती नाही, लोक ज्यांना पूजतात त्यांना अपशब्द बोलू नका आणि माणसांच्या जमाती व वंश निरनिराळे केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, ही कुरआन शरीफची शिकवण आहे. 'ओळख' हा शब्द लक्षात ठेवा. ओळख करून घेणे म्हणजे अनुकरण करणे नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा झाला. तालुके अवघे सहा. पण या सहा तालुक्यांत श्रद्धांचे जितके प्रकार नांदतात, तितके मोठमोठ्या जिल्ह्यांतही सापडणे कठीण.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेतील विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट वाशीमला सापडला आहे. ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे हे राजे वैदिक परंपरेला मानणारे. पण याच शाखेतील हरिषेण राजाच्या वेळी, पाचव्या शतकात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बौद्ध भिक्षूंसाठी कोरवून घेतले. तेथील शिलालेखातच ते नमूद आहे. आज सारे जग अजिंठा पाहायला येते. त्या कीर्तीत आपल्या वाशीमच्या दरबाराचा वाटा आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे की नाही?

कारंजा लाड हे गाव हिंदू बांधवांना श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या 'गुरुचरित्र' ग्रंथात बिदरच्या मुसलमान बादशहाची एक कथा येते. तो व्याधीने त्रस्त होऊन गाणगापूरला येतो आणि गुरू त्याला जवळ करतात, अशी ती कथा आहे. कथेवर श्रद्धा ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्या ग्रंथाचे पारायण शेजारच्या घरी होते, त्यात आपल्यापैकी एका माणसाला प्रेमाची जागा दिलेली आहे, हे कळले म्हणजे शेजाऱ्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

याच कारंज्यात दिगंबर जैनांची तीन प्राचीन मंदिरे आहेत आणि तेथे हस्तलिखित ग्रंथांचे भांडार आहे. प्रा. हीरालाल जैन हे अमरावतीच्या कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी या भांडारातील अपभ्रंश भाषेतील ग्रंथ अभ्यासून 1932 नंतरच्या वर्षांत एकामागून एक प्रसिद्ध केले. प्राकृत आणि आजची मराठी यांच्या मधली वाट समजून घेणाऱ्या अभ्यासकांना अशा ग्रंथांचा मोठा आधार झाला. पालकहो, विचार करा. व्यापार-उदीम करणाऱ्या एका लहान समाजाने शेकडो वर्षे पोथ्या वाळवीपासून, पाण्यापासून, आगीपासून जपल्या. आपण इल्मचे महत्त्व सांगतो. इल्म जपायचा कसा, हे पाहायला कारंज्याला जायला नको काय? त्याच गावी 1918 साली जैन समाजाने महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल काढले. त्यालाही शंभर वर्षे उलटून गेली. आपली संस्था चालविणाऱ्या मंडळींनी त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

मालेगाव तालुक्यातले शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्र. श्वेतांबर आणि दिगंबर दोघेही त्या मूर्तीला मानतात. पूजेच्या हक्कावरून वाद होऊन 1981 मध्ये तेथे कुलूप लागले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये ते निघाले. कोण बरोबर हे सांगणे आपले काम नव्हे. यातून आपण एवढेच पाहायचे की मतभेद केवळ दोन धर्मांत असतात असे नाही, ते एका घरातही असतात. आपल्यातही आहेतच. मंगरूळपीरला हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे. गावाच्या नावातच पीर आहे. तेथे हिंदू, बौद्ध, बंजारा सारे येतात. आपल्यापैकी काही श्रद्धेने चादर चढवितात, तर काहींना दर्ग्यावरचे हे रिवाज मान्य नाहीत. तरी आपण एका सफेत उभे राहून नमाज पढतो. मग मतभेद असूनही आदर राखता येतो, हे आपल्याला नव्याने का शिकावे लागावे?

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान झाले आहे. रामनवमीला तेथे मोठी यात्रा भरते. पूर्वी बैलांच्या तांड्यावर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या या लोकांची बोली गोरबोली. तिला स्वतंत्र लिपी नाही. सेवालाल महाराजांची वचने पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ राहिली. ज्यांच्या घरात मुले हिफ्ज करतात, त्यांना पाठांतराने जपलेल्या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले आहे. ते मुलांनी अवश्य पाहावे.

आणि आपले बौद्ध बांधव. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या वस्त्यांवर आज बुद्धविहार दिसतात. माणूस म्हणून ज्यांना पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांना या धम्माने ताठ मान दिली आणि पुस्तकाची ओढ दिली. फीसाठी पोटाला चिमटा घेणारे आई-बाप मी त्या वस्त्यांत पाहिले आहेत. आपल्या मुलींना आठवीनंतर घरी बसविणाऱ्या पालकांनी हे पाहून मनाशी विचार करावा, एवढेच मी नम्रपणे सुचवितो.

काही जण म्हणतील, "सर, सगळे धर्म सारखेच, असे तुम्हाला मुलांना शिकवायचे आहे का?" नाही. धर्म सारखे नाहीत. आपण एका अल्लाहला मानतो. जैन जगाचा कोणी निर्माता मानीत नाहीत. बौद्धांचा विचार आणखी निराळा. हा फरक पुसून टाकणे म्हणजे कुणालाच नीट न समजणे होय. सुमारे 1030 साली अल्-बिरूनी या मुसलमान विद्वानाने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यासाठी तो प्रौढ वयात संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला. हिंदूंचे म्हणणे त्याने हिंदूंच्याच ग्रंथांतून मांडले. जे पटले नाही ते पटले नाही असेही लिहिले. त्याचे ईमान कमी झाले नाही आणि त्याच्या ज्ञानाचा मान आजही आहे. अभ्यास असा असावा. आधी समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत सांगता यावे, मग आपले मत.

दुसरा आक्षेप असा की, "आपणच का? त्यांनी नको का आपला धर्म समजून घ्यायला?" घ्यायला हवा, आणि घेणारे झालेही आहेत. विनोबांनी कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकून घेतली आणि 'कुराण-सार' तयार केले. साने गुरुजींनी पैगंबर साहेबांचे चरित्र 'इस्लामी संस्कृती' या नावाने मराठीत लिहिले. आपल्यातले श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहून संतांच्या मांदियाळीत बसले. रस्ता दोन्ही बाजूंनी चाललेला आहे.

अज्ञानाचा चटका कसा असतो, हे मला ठाऊक आहे. बी. एड.ला असताना एका शहरात मी खोली शोधत होतो. भाडे ठरले, पण नाव सांगताच खोली "आधीच दिलेली" निघाली. त्या गृहस्थाला माझ्या धर्माविषयी काय माहीत होते? ऐकीव चार गोष्टी. त्याने कधी एखाद्या मुसलमान घरात चहा घेतला असता, तर कदाचित त्याने मला दार लावले नसते. तीच ऐकीव माहिती आपण आपल्या घरात दुसऱ्यांविषयी मुलांच्या कानावर घालणार असू, तर त्या गृहस्थाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

ही संस्था ज्या पायावर उभी आहे तोही पाहा. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 30 ने दिला आहे. हा हक्क एकट्या मुसलमानांचा नाही. तो बौद्धांचा आहे, ख्रिस्ती आणि शिखांचा आहे, जैनांचाही आहे. 2014 मध्ये केंद्र सरकारने जैनांना अल्पसंख्याक म्हणून जाहीर केले. जो हक्क आपल्याला प्रिय आहे, तो दुसऱ्याजवळ असल्याचाही आपल्याला आनंद वाटला पाहिजे.

सहलीविषयी पालकांना मी मुख्याध्यापकांच्या अनुमतीने स्पष्ट सांगतो. कोणत्याही विद्यार्थ्याला पूजा, आरती किंवा नमस्कार करायला सांगितले जाणार नाही. प्रसाद घेणे-न घेणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहील, मात्र नाही म्हणायचे ते अदबीने. ज्यांना आत जायचे नसेल ते शिक्षकांबरोबर बाहेर थांबतील. नमाजची वेळ राखली जाईल. ज्या जागेचा जो रिवाज असेल तो पाळला जाईल. चामड्याचा पट्टा चालत नसेल तर तो काढून ठेवायचा, मोठ्याने बोलायचे नाही, थट्टा करायची नाही. मशिदीत येणाऱ्या पाहुण्याकडून आपण याच वर्तनाची अपेक्षा करतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला तीन कामे सांगतो. एक, प्रत्येक ठिकाणी तेथील जाणत्या माणसाला एक तरी प्रश्न विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका. दोन, जे तुम्हाला चांगले वाटले ते वहीत लिहा. जे पटले नाही तेही लिहा, पण त्याच्यापुढे त्यांचे कारण त्यांच्याच शब्दांत मांडा. तीन, आपल्या दीनविषयी कोणी विचारले तर उत्तर देता येईल इतका आपला दीन आधी नीट शिका. ज्याला स्वतःचे घर ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या घरी जाऊन काय समजणार?

पालकांना एकच विनंती. उद्या तुमची मुले नोकरीला, व्यापाराला, दवाखान्यात, कचेरीत सर्व धर्मांच्या माणसांत वावरणार आहेत. कधी गावावर वाईट वेळ आली, अफवा उठल्या, तर त्या वेळी कामाला येईल ती आधीची ओळख. ती ऐन वेळी बाजारात विकत मिळत नाही. ती शाळेच्या वयातच जोडावी लागते.

अल्लाह आपणा सर्वांना इल्म आणि समज देवो, आपल्या जिल्ह्यात सलोखा नांदो, अशी दुआ करून मी माझे भाषण संपवितो.  जय हिंद, जय महाराष्ट्र. खुदा हाफिज.